गड्ड्यात हरवलं कोण?

माझ्या लग्नाला त्रेपन्न वर्षं झाली. त्यातला बाळंतपणाचा सव्वा महिना सोडला, तर उरलेला सगळा काळ मी ह्यांच्या चार पावलं मागून चालले. कुणी तसा हुकूम दिला नव्हता. लग्नानंतर पहिल्यांदा सिद्धेश्वराच्या दर्शनाला निघालो तेव्हा हे पुढे होते आणि मी मागे. तेव्हाचं अंतर जे पडलं ते पडलं. गिरणीचा भोंगा बंद झाला, गिरणीही बंद झाली, बाळीवेशीतली दोन खोल्यांची जागा सोडून आम्ही जुळे सोलापुरात आलो, पण ती चार पावलं तेवढीच राहिली.

हे पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. चालताना बोलायची ह्यांना सवय. मान वळवायची नाही, थांबायचं नाही, समोर बघत बोलत राहायचं. मी मागून 'हं' म्हणायचं. लोकांना वाटतं, यात संभाषण कसलं? पण माझ्या 'हं'चे प्रकार आहेत. एक 'हं' म्हणजे होय. दुसरा म्हणजे बघू. तिसरा म्हणजे तुमचं साफ चुकतंय, पण बोला, ऐकते आहे. ह्यांना हे सगळे प्रकार पाठीनं ओळखू येतात. आमच्या मुलाची, सुबोधची मुंज, त्याचं इंजिनिअरिंग, गावाकडची जमीन विकायची की ठेवायची, हे सगळं आमचं असंच ठरलं. ते पुढे, मी मागे, आणि मध्ये चार पावलांचा रस्ता.

यात काही बिघडलं आहे हे आम्हाला आमच्या नातीनं सांगितलं.

संस्कृती पुण्याला एमए करते. बायका आणि पुरुष एकमेकांशी कसं बोलतात, याचा तिच्या विषयात अभ्यास असतो म्हणे. दिवाळीत आली तेव्हा आम्ही देवळात निघालो असताना तिनं मागून मोबाईलवर आमचं चित्रण केलं आणि घरी आल्यावर मला दाखवलं. चित्रात हे हात हलवत चालले होते. त्यांच्या मागे, अगदी कडेला, हातात पिशवी घेतलेली एक वाकलेली म्हातारी होती.

"ही कोण गं?" मी विचारलं.

"आजी, तूच आहेस!"

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मीच होते. मला उगीचच वाईट वाटलं. त्या बाईला कुणीतरी पिशवी धरायला मदत करायला हवी होती, असं पहिल्यांदा मनात आलं होतं.

"संक्रांतीला गड्ड्यात जाणार ना तुम्ही? तिथं दोघांनी शेजारी शेजारी चालायचं. आणि मला फोटो पाठवायचा. प्रॉमिस कर," असं म्हणून ती पुण्याला गेली. बोलणाऱ्याचं काय जातं!

सोलापूरकरांना गड्डा म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते आणि होम मैदानावर पुढे कित्येक दिवस पाळणे, खेळणी, भांडी, भजी यांचा बाजार मांडलेला असतो. आम्ही एकही वर्ष चुकवलेलं नाही.

ह्यांना मी विषय काढून सांगितला. हे पेपर वाचत होते.

"शेजारी? कशासाठी?"

"संस्कृती म्हणते."

"पण रस्ता अरुंद असतो."

"जुळे सोलापुरातला रस्ता साठ फुटी आहे."

हे क्रीडा पानाकडे वळले. त्याचा अर्थ होकार असा मी घेतला. जमिनीच्या वेळीही असाच घेतला होता.

आता गड्ड्याच्या गर्दीत एकदम नवीन काही करणं बरं नव्हे, म्हणून कॉलनीत सराव करायचं ठरलं. ही बातमी कशी फुटली देव जाणे, पण दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. शेजारचे ईरप्पा आमच्या फाटकाशी येऊन म्हणाले, "काकू, शेजारी चाललं तर चाला, पन उजव्या अंगाला चाला की. पूजेला कुठं बसता तुमी?" समोरच्या सेवानिवृत्त मुख्याध्यापिका ज्या आहेत, त्यांनी 'डावा-उजवा, डावा-उजवा' अशी कवायत सुचवली. सगळ्यात वेगळं मत आमच्या धुण्याभांड्याच्या सोनाबाईचं पडलं. ती भांडी घासता घासता म्हणाली, "ह्ये काय लफडं काढलंय आजी? म्या तर मालकाला फुडंच घालते. शेजारी घ्यायचं न्हाय आन् मागं तर अजिबात ठिवायचं न्हाय."

"का गं?"

"नजरंम्होरं ऱ्हातोय की! मागं ऱ्हायला तर कुटं वळंल आन् कुटं बसंल, पत्त्या लागत न्हाय."

मी हसले. तेव्हा हसले हे आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

सराव सुरू झाला. पहिल्याच दिवशी लक्षात आलं, की आम्हाला एकमेकांच्या वेगाची काही कल्पनाच नाही. मी मागून चालत असताना माझी पावलं आपोआप ह्यांच्या पावलांवर पडत होती. शेजारी आल्यावर कधी माझा खांदा पुढे, कधी ह्यांचा. पण त्याहून मोठी अडचण म्हणजे हे बोलेनात. कोपऱ्यापर्यंत गेलो, परत आलो, एक शब्द नाही.

"बोला की काहीतरी," मी म्हटलं.

"काय बोलू? तू शेजारी आहेस."

"मग?"

"तू बघतेस."

त्रेपन्न वर्षं ह्यांच्याकडे कुणी बघितलं नव्हतं की काय! पण खरंच, मी बघायचे ती पाठ. समोरासमोर आम्ही जेवताना असतो, पण तेव्हा मी ताटाकडे बघते आणि हे टीव्हीकडे.

आणि कॉलनीतले लोक! म्हातारा-म्हातारी शेजारी शेजारी चालताना दिसली की लोकांना एकच अर्थ कळतो. तीन दिवसांत सहा जणांनी विचारलं, "कोणत्या दवाखान्यात निघालात? काय होतंय?" चौथ्या दिवशी ईरप्पा गाडी काढून दारात उभे. "काका, लाजू नका. ऑटोपेक्षा गाडी बरी." ह्यांना त्यांची समजूत घालता घालता घाम फुटला, आणि तो घाम बघून ईरप्पांची खात्रीच पटली.

घामाचं सांगते, कारण पुढच्या सगळ्या प्रकरणात माझा जीव त्या घामातच अडकलेला होता. ह्यांना साखर आहे. वय अठ्ठ्याहत्तर. गोळी घेतल्यावर दोन-अडीच तासांत पोटात काही गेलं नाही, तर साखर एकदम उतरते. मागच्या महिन्यात बँकेत पेन्शनच्या रांगेत असंच झालं. दरदरून घाम सुटला आणि हे सरळ फरशीवर बसले. कुणाला काही कळेना. मी चार पावलं मागे होते म्हणून बरं. पर्समधली लिमलेटची गोळी तोंडात घातली, दहा मिनिटांनी हे उठून रांगेतला आपला नंबर गेला म्हणून कॅशियरशी भांडले. डॉक्टर म्हणाले, "आजी, यांना एकटं सोडू नका."

गड्ड्याला आम्ही साडेदहाला निघालो. पिशवी माझ्या हातात. तिच्यात दशम्या, शेंगांची चटणी, पाण्याची बाटली, ह्यांच्या गोळ्या आणि लिमलेटची पुडी. पुरुषानं पिशवी धरायची नाही, हा आमच्या पिढीचा नियम. मोबाईल ह्यांच्या खिशात. तो बाईनं धरायचा नाही, असा नियम नाही, पण आमच्याकडे तो एकच आहे. घरातून निघताना हे तो बंद करतात, म्हणजे बॅटरी वाचते. कशासाठी वाचवायची, हे मी कधी विचारलेलं नाही.

म्हणजे जेवण माझ्याकडे आणि फोन ह्यांच्याकडे. शेजारी चालणाऱ्यांना काय त्याचं!

मैदानात शिरलो तेव्हा आम्ही खरोखरच शेजारी होतो. मी शपथेवर सांगते. खेळण्यांच्या दुकानापर्यंत होतो. मग आमच्या मधून एक फुग्यांचा गठ्ठा गेला. मग एक अख्खं कुटुंब, हातात हात धरून, साखळीसारखं. आम्ही पुन्हा जवळ आलो. मग मधून उसाच्या रसाची बादली. संस्कृतीनं सांगितलं होतं, "गर्दीत हात धरा." मी नुसता विचार केला, तर कानाची पाळी गरम झाली.

पुढे लोखंडी तव्यांचं दुकान होतं. माझा घरचा तवा मध्ये खोलगट झाला आहे आणि भाकरीला नीट पापुद्रा येत नाही. मी एक तवा उचलला, वाजवून बघितला, उजेडात धरला. पूर्वी मी असं कधी करत नसे. मागून चालणाऱ्या बाईला तवा उजेडात धरून चालत नाही. तिची नजर पुढच्या पाठीवर असावी लागते. पण आज मी शेजारी होते, मोकळी होते. तवा चांगला होता. शेजारच्या सदऱ्याला मी विचारलं, "हा घेऊ का?"

"घ्या की आज्जी," सदरा म्हणाला. "मला का इचारताय?"

मी वर बघितलं. मिशा होत्या. ह्यांना मिशा नाहीत.

तवा खाली ठेवला आणि मी चौफेर बघितलं. होम मैदानावर त्या घटकेला निदान दोनशे तरी पांढऱ्या टोप्या होत्या. घड्याळात पावणेबारा. गोळी घेतली होती दहाला.

पहिल्यांदा मी जिथं होते तिथंच उभी राहिले. हरवलं तर जागचं हलू नये, हे मीच सुबोधला शिकवलं होतं. पण मग मनात आलं, हरवलेले हे आहेत, मी नाही. म्हणजे हलायला हवं. वीस पावलं गेले आणि वाटलं, हे परत दुकानाशी आले तर? परत फिरले. तवेवाला म्हणाला, "आज्जी, ठरवा एकदाचं." त्याला वाटलं तव्याचं. पाळण्यापाशी एका टोपीचा सदरा धरला, ते गृहस्थ माढ्याचे निघाले. त्यांनी माझी चौकशी केली, माझ्या माहेरची चौकशी केली, त्यांची चुलत बहीण आमच्या गल्लीत दिली होती असं निघालं. एरवी मी अर्धा तास बोलले असते. त्या दिवशी त्यांच्या वाक्याच्या मध्येच पळाले. आयुष्यात पहिल्यांदा मी असा उद्धटपणा केला.

एका मुलीनं आपला फोन पुढे केला. "नंबर सांगा आजी." नंबर! मला बाळीवेशीतल्या शेजाऱ्यांच्या फोनचा पाच आकडी नंबर अजून पाठ आहे. ह्यांच्या मोबाईलचा मला कशाला लागणार? ह्यांना काही सांगायचंच असेल, तर मी चार पावलांवर असते. शेवटी फेसबुकवर मुख्याध्यापिकाबाईंचं नाव शोधून, त्यांना विचारून त्या मुलीनं नंबर मिळवला आणि लावला. बंद. बॅटरी वाचत होती.

मदत केंद्र म्हणजे एक तंबू, एक टेबल, एक माईक. टेबलाशी वैजयंती नावाच्या पोलीसबाई आणि माईकपाशी गळ्यात स्वयंसेवकाचा बिल्ला घातलेले, पन्नाशीचे गुरुलिंग. पोलीसबाईंनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि फॉर्म ओढला.

"कोण हरवलंय?"

"हे."

"हे म्हणजे मालक? नाव सांगा."

आता इथं पंचाईत. माझ्या आईनं मला लग्नाच्या आदल्या दिवशी बजावलं होतं, नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. मी शिकलेली बाई आहे. मॅट्रिकला मला संस्कृतमध्ये ब्याऐंशी होते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. एरवी घेतलंही असतं. पण साखर उतरलेली असताना, दुपारी बारा वाजता, नेमका हाच प्रयोग करून बघायचा?

"लिहून देते," मी म्हटलं.

"आज्जी, उखाण्यात घ्या की!" गुरुलिंग हौसेनं म्हणाले.

"माझा नवरा सापडत नाही आणि मी यमक शोधू?"

त्यांनी कागद पुढे केला. मी कागदावर लिहिलं, यज्ञेश्वर माढेकर. लिहिल्यानं आयुष्य कमी होतं, असं आईनं सांगितलेलं नव्हतं.

"वर्णन?"

हे मात्र मला येत होतं. मी भराभर सांगितलं, "डावा खांदा किंचित खाली आहे. मानेवर उजव्या बाजूला तीळ. टोपीखाली चार केस वर उभे राहतात, तेल लावूनही बसत नाहीत. सदऱ्याची कॉलर आतून उलटून शिवलेली. डाव्या चपलेची टाच बाहेरच्या बाजूनं झिजलेली. चालताना उजवा हात मागे येतो तेव्हा अंगठा आत असतो."

पोलीसबाईंनी पेन थांबवलं. "आजी, हे सगळं मागचं झालं. चेहरा सांगा."

मी तोंड उघडलं आणि काही येईना. चेहरा म्हणजे... नाक आहे. चष्मा आहे. काळा की तपकिरी? मी डोळे मिटले. मला ती पाठ इतकी स्वच्छ दिसत होती, की हात लावावा. ती वळतच नव्हती.

"साधा आहे," मी म्हटलं. आणि मला रडू आलं. पोलीसबाईंनी फॉर्मवर 'साधा' असं लिहिलं.

गुरुलिंगांनी पुकारा केला. "यज्ञेश्वर माढेकर, वय अठ्ठ्याहत्तर, चेहरा साधा! आपण हरवला आहात! आपल्या पत्नी मदत केंद्रात आपली वाट पाहत आहेत!" हे संपतं न संपतं तोच मैदानाच्या दुसऱ्या टोकाचा, देवळाकडचा भोंगा सुरू झाला. तिकडे एका मंडळानं आपला वेगळा मंडप घातला होता. दोन्ही केंद्रांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही. "ज्ञानदाबाई! अंगावर अंजिरी रंगाचं नऊवारी, नाकात नथ, अंगानं सडपातळ! आपले पती आपली वाट पाहत आहेत! त्वरित यावे!"

"यांचं रोज असंच," पोलीसबाई म्हणाल्या. "आमचा पुकारा दाबायचा."

दहा मिनिटं गेली. कुणी आलं नाही. सव्वाबारा. पुन्हा पुकारा. पुन्हा देवळाकडून ज्ञानदाबाई. मला त्या बाईचा संताप आला. नऊवारी नेसून, नथ घालून, या धुळीत मिरवायला आलेली कोण ही भवानी? नवरा बिचारा तिकडे घसा फोडतोय आणि ही बघत असेल बांगड्या. "काय बायका असतात," मी पोलीसबाईंना म्हटलं. "नवऱ्याची काळजी म्हणून नाही."

साडेबारा. मला आता सगळीकडे फरशी दिसायला लागली आणि तिच्यावर बसलेले हे. बँकेत लोक निदान ओळखीचे होते. इथं पाळण्याखाली म्हातारा बसला, तर लोकांना वाटणार दमला आहे. सोनाबाईचं वाक्य डोक्यात घणासारखं पडत होतं. नजरंम्होरं ऱ्हातोय की. मी ह्यांच्या मागून चालत होते असं मलाही वाटायचं, संस्कृतीलाही वाटायचं. अहो, मी राखण करत होते! त्रेपन्न वर्षांत हे रस्ता चुकले नाहीत, कारण चुकायला लागले की मी 'हं'चा आवाज बदलत असे. आणि चांगली नोकरी चालली असताना मी राजीनामा दिला. तोसुद्धा फोटोसाठी.

तिसरा पुकारा झाला. "यज्ञेश्वर माढेकर, आपण हरवला आहात..." देवळाकडून ज्ञानदाबाई. पोलीसबाई उठल्या, "आजी, मी माणसं पाठवते शोधायला," असं म्हणत बाहेर गेल्या. पावणेएक वाजला होता. मी खुर्चीवरून उठले, गुरुलिंगांच्या हातातला माईक ओढला आणि जिवाच्या आकांतानं ओरडले,

"अहो!"

होम मैदान थांबलं. खरं सांगते. पाळणा फिरत होता, पण त्याच्यातली माणसंसुद्धा वाकून बघायला लागली. मैदानावरच्या सगळ्या टोप्या, सगळी टकलं एकदम वळली. "काय गं?" "आलो, आलो." "काय झालं?" चहूबाजूंनी आवाज आले. पाच-सहा म्हातारे तर लगबगीनं तंबूकडेच निघाले. एकाच्या हातातली भज्याची पुडी सांडली, त्याची बायको शेजारीच उभी होती, ती म्हणाली, "अहो, मी इथं आहे!" त्यासरशी पुन्हा दहा जण वळले.

आणि मग देवळाकडच्या भोंग्यातून खरखर झाली. कुणीतरी माईक हिसकावल्यासारखी. पाठोपाठ एक वैतागलेला आवाज सगळ्या मैदानावर पसरला.

"काय आहे?"

आवाज ह्यांचाच होता. गुरुलिंगांनी माईक परत घ्यायला हात पुढे केला. मी माईक सोडला नाही.

"अहो, कुठं आहात?"

"मी कुठं म्हणजे? तू कुठं आहेस?"

"खाल्लंत का काही?"

"कसं खाणार? पिशवी तुझ्याकडे!"

मैदान हसलं. मला त्याचं काही वाटलं नाही. आवाज घोगरा होता, पण थरथरत नव्हता. बँकेत थरथरला होता.

"घाम आलाय का?"

"उन्हात उभा आहे. येणारच की घाम!"

"मग इतका वेळ पुकारतो आहोत, आला का नाहीत?"

"ऐकलं मी. तीन वेळा ऐकलं. पण 'हरवला आहात' म्हणत होते. मी हरवलेलो नाही. हरवलीस तू. मी कशाला येऊ?"

हेडक्लार्क! साखर उतरली तरी मुद्दा खाली उतरत नाही.

"तिथंच बसा. लिमलेट मागून घ्या कुणाकडून तरी. मी येते."

"तू हलू नकोस. मी येतो."

"अहो, तुम्ही चालू नका!"

"तू जागची हलायचं नाही, सांगून ठेवतो!"

आमच्यात समोरासमोर झालेलं हे आजवरचं सगळ्यात मोठं बोलणं. मध्ये अर्धा किलोमीटर अंतर आणि काही हजार माणसं होती.

त्यानंतर जे व्हायचं तेच झालं. एकमेकांचं ऐकायची सवय आम्हाला कधी नव्हतीच. मी पिशवी घेऊन देवळाकडे पळत सुटले आणि हे तिकडून मदत केंद्राकडे. लोक वाट करून देत होते. "आजी, तिकडं!" "आजोबा आत्ताच इकडून गेले!" "व्हय व्हय, पाळन्याकडं!" मी देवळाकडच्या मंडपात पोहोचले तेव्हा मंडळाचे कार्यकर्ते म्हणाले, "आत्ता गेले की! आमी थांबा म्हनलो. ऐकतेत कुटं!" मी आल्या पावली मागे फिरले. छाती धपापत होती, हातातल्या पिशवीत पाण्याची बाटली दशम्यांवर आपटत होती.

आणि उसाच्या रसाच्या गाड्यापाशी मला ती पाठ दिसली.

डावा खांदा खाली. टोपीखाली चार केस उभे. गर्दीत दोनशे पांढऱ्या टोप्या होत्या, पण मला एकच दिसली. सदरा पाठीला चिकटलेला होता. हे चालत होते, सावकाश, उजवा हात हलवत, आणि बोलत होते. एकटेच. सवयीनं. मी जवळ गेले तेव्हा ऐकू आलं. "...एक तर शेजारी चालायचं खूळ. बरं, चाललीस, तर सांगून थांबावं की नाही माणसानं? मी पाळण्यापर्यंत बोलत गेलो. मागून कुणीतरी हं हं म्हणत होतं. वळून बघतो तर एक बाई, मोबाईलवर दुसऱ्याशीच..."

मी चार पावलं मागे होते. धाप लागून बोलता येईना. कसाबसा श्वास घेतला आणि म्हटलं,

"हं."

हे थांबले. आणि वळले.

चष्मा तपकिरी आहे. नाक शेंड्याला थोडं लाल होतं. ओठ कोरडे पडले होते. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. निदान मी तरी तो घामच आहे असं धरून चालते. मी आधी लिमलेट त्यांच्या तोंडात घातली, भर मैदानात, सगळ्यांसमोर, आणि मग रसाच्या गाड्याच्या बाकावर बसवून दशमी हातात दिली. अर्धी दशमी पोटात गेली, कपाळावरचा घाम वाळला. तेव्हा मी विचारलं,

"ती ज्ञानदाबाई सापडली का हो?"

हे चटणी तोंडात घेता घेता थांबले. "म्हणजे?"

"तुमच्या भोंग्यावरची. नऊवारीवाली."

"अगं, तूच की ती!"

तेव्हा कुठं मला आठवलं. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायचे. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं त्यात नवीन नाव लिहायचं. ह्यांनी लिहिलं होतं. मला मुंडावळ्यांतून नीट दिसलं नव्हतं आणि बँडच्या आवाजात गुरुजी काय म्हणाले तेही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्या तांदळाचा भात केला आणि ते नाव आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्लं. पुढे रेशनकार्डावर मामंजींनी शाळेच्या दाखल्यावरचं अनसूयाच घातलं. घरात मी सूनबाई, मग वहिनी, आई, आजी. ह्यांची मी 'अगं'.

"आडनाव का नाही सांगितलंत?"

"घरातल्या बाईचं आडनाव माईकवर द्यायचं?"

"आणि अंजिरी नऊवारी? मी शेवटचं नऊवारी नेसले त्याला चाळीस वर्षं झाली. माझं हे हिरवं पातळ दिसत नाही का?"

"मला काय माहीत तू आज काय नेसलीस? तू मागे असतेस." ह्यांनी मान खाली घातली. "मंडळवाले म्हणाले वर्णन सांगा. जे आठवलं ते सांगितलं."

अंजिरी नऊवारी मी लग्नात नेसले होते.

"आणि सडपातळ?"

"ते जरा चुकलं असेल."

रसवाला हसला. मी पदरानं तोंड पुसलं. "इतक्या वर्षांत एकदाही त्या नावानं हाक मारली नाहीत ती!"

"हाक मारायची वेळ कुठं आली?" हे म्हणाले. "तू कायम मागेच होतीस."

घरी रिक्षानं आलो. रिक्षात शेजारी बसण्यावाचून गत्यंतर नसतं. संस्कृतीला फोटो पाठवायचा राहिला, पण त्याची गरज पडली नाही. आमचं भोंग्यावरचं बोलणं कुणीतरी मोबाईलवर घेतलं होतं आणि ते आमच्या आधी पुण्याला पोहोचलं होतं. तिला त्यावर निबंध लिहायचा आहे म्हणे. ईरप्पांनी दारात विचारलं, "काकू, आता कसं चालनार?" मी म्हटलं, "मी मागेच बरी." पण फाटकातून आत शिरताना हे मध्येच थांबले आणि मी येते आहे ना, ते वळून बघितलं. मी जवळजवळ त्यांच्यावर आपटलेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या जुन्याच खोलगट तव्यावर भाकरी टाकत होते. नवा गड्ड्यातच राहिला. बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

"ज्ञानदा!"

मी भाकरी उलटली.

"ज्ञानदा!"

कोण ही बाई, एवढं कुणी हाका मारतं आहे तर ओ का देत नाही, असं माझ्या मनात आलं. तिसऱ्यांदा हाक आली, ती जरा मोठ्यानं, आणि मग चपलांचा आवाज. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. गेल्या त्रेपन्न वर्षांत या दारापर्यंत किती वेळा आले असतील, ते मी एका हाताच्या बोटांवर मोजू शकते.

"तीन हाका मारल्या. ऐकू येत नाही का?"

"मला वाटलं, दुसऱ्या कुणाला."

ह्यांनी दाराशी चपला काढल्या. मग म्हणाले, "अगं."

"हं," मी म्हटलं. आणि वळून बघितलं.